तिसरा चौकोन

नांदूरघाट, ता. केज, जि. बीड
दि. ३ डिसेंबर १९९६

श्री. रा. रा. विश्वेश्वर मन्मथप्पा कोरे, मु. तलवाडा, ता. गेवराई, यांसी धोंडप्पा शिवलिंगप्पा हलगे याचा शिवशरणार्थ.

हे पत्र पाहून आपणांस नवल वाटेल. पस्तीस वर्षांत आपल्या दोन घरांत कागदाची देवघेव झालेली नाही. कारण पडले नसते तर मीही ती सुरू केली नसती.

आपण एक रक्ततपासणी तातडीने करून घ्यावी. रक्त बीडला काढतात व पुण्यास पाठवितात. तपासणीचे नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतले असून तो कागद सोबत जोडला आहे. कपिलधारच्या यात्रेत माझी बहीण महानंदा हिने आपणांस पाहिले. शिवकीर्तन चालू असता आपण चार वेळा उठून बाहेर गेलात, आणि तिने विचारले तेव्हा वयाचे कारण सांगितलेत, असे ती म्हणते. आपले वय चौसष्ट. तेवढ्या वयात माणसाला कीर्तन बसून ऐकता येते.

तपासणीचे कारण विचारू नये. मी नाते जोडू पाहतो असाही समज करून घेऊ नये. माझी प्रकृती उत्तम आहे. दुकान पूर्ववत चालू आहे.

उत्तराची अपेक्षा नाही, तपासणीची आहे.

धोंडप्पा हलगे


नांदूरघाट
दि. २४ डिसेंबर १९९६

श्री. विश्वेश्वरराव कोरे यांसी,

आपले कार्ड पावले. मजकूर एका ओळीचा आहे: "ज्या घराशी माझा संबंध नाही, त्या घराच्या रोगाशीही नाही." अक्षर उत्तम आहे. वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. परंतु त्यातील विधान खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचे मला कसे कळले ती हकीकत लिहितो.

गेल्या श्रावणात पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून डॉ. योगिता पांढरे नावाच्या बाई आमच्या दुकानात आल्या. पालीच्या सटवा मेंढपाळाची ही लेक. धरणाच्या कडेने मेंढ्यांमागे हिंडत शिकली व डॉक्टर झाली. पुरुषाच्या मूत्राशयाखाली एक ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. तिचा कर्करोग काही घराण्यांत बापाकडून मुलाकडे का उतरतो, रक्तातील कोणते जनुक तो वाहून आणते, याचा शोध त्यांची संस्था घेत आहे. ते जनुक अद्याप हाती लागलेले नाही; त्यासाठीच घराणी शोधीत हिंडावे लागते. आमचे नाव त्यांना कोणी दिले ते तूर्त महत्त्वाचे नाही.

वडिलांचा अंत कसा झाला ते आपण जाणता. मूत्र कोंडले, कमरेची हाडे ठिसूळ झाली, कुशीवर वळवितानाही ते ओरडत. चुलत्यांचेही तसेच झाले. गावात कोणी करणी म्हणाले, कोणी म्हणाले की मिठाच्या गोणीवर बसून जन्मभर दुकान केल्याचा तो परिणाम. हे रक्तात आहे असे पस्तीस वर्षे मी एकटा सांगत होतो. चौथी शिकलेल्या वाण्याचे कोण ऐकणार? आता पुण्याहून माणूस येऊन तेच सांगू लागले. मी दुकानाची सगळी फळ्यांची दारे काढली आणि बाईंना म्हणालो, हेच पुन्हा एकदा मोठ्याने सांगा. समोर पारावर सुग्रीव तेली बसला होता, तोच जो मिठाच्या गोणीचे सांगत असे. त्याने उठून चहा मागविला.

बाईंना भावकीतील पुरुषांचे रक्त हवे होते. मी अकरा जण जमविले. चुलतभाऊ सुंदरराव अडून बसले.

"अण्णा, लेकीच्या वयाच्या बाईनं चारचौघात लघवीचं इचारायचं, अन् आमी सांगायचं? कावून?"

बाई सिरिंजला सुई लावता लावता म्हणाल्या, "काका, मी मेंढ्याचं बी इचारते. त्यो लाजत न्हाई."

सगळे हसले. सुंदररावांनी बाही वर केली.

मग बाईंनी मोठ्या कागदावर घराण्याचा तक्ता मांडला. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, हा रोग झालेल्याचा चौकोन काळा. सुंदरराव वाकून पाहत म्हणाले, "पुरुष चौकोनी अन् बाया गोल. बाई, तुमी आमच्या घरला येऊन गेलतात वाटतं." नावे मी सांगितली व शुद्धलेखनही तपासले. वडिलांच्या खाली माझा चौकोन व महानंदाचे वर्तुळ निघाले. बाईंनी विचारले, "अप्पा, तुमाला सख्खे भाऊ किती?"

मी म्हणालो, "नाही."

"म्हंजे वारले?"

"वारले नाहीत. नाहीतच."

हे मी खोटे बोललो नाही. निजाम सरकारच्या स्टँपावरील दत्तकपत्र आमच्या ट्रंकेत आहे. वडिलांची सही आहे, तलवाड्याच्या पाटलाची साक्ष आहे. मावशीच्या यजमानांनी मूल घेतले, त्या दिवसापासून त्या मुलाचा जनकघराशी संबंध उरला नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कागदात आहे ते मी सांगितले.

दिवाळीनंतर बाई पुन्हा आल्या, त्या तोंड पाडून. संस्थेचा नियम असा की बाप, भाऊ, मुलगा अशा अगदी सख्ख्यांत तीन रोगी असले तरच ते घराणे शोधात धरतात. चुलते त्यात मोजत नाहीत. आमच्या तक्त्यावर मोजण्याजोगे काळे चौकोन दोनच होते: वडील व आणखी एक. (तो एक कोण, हे विचारू नये.) तेव्हा आमचे घराणे बाजूला पडणार होते. पस्तीस वर्षे माझे म्हणणे खरे होते आणि एका चौकोनासाठी ते कागदावर येणार नव्हते.

बाई पोत्यावर बसून चहा पीत होत्या. सहज बोलल्या, "आमच्या आबाचा एक मेंढा होता, अप्पा. त्याच्या कोकरांचे कान आखूड निघायचे. आबानं त्यो इकून टाकला, तलवाड्याच्या बाजाराला. तीन वर्सांनी आबा तिकडं गेलते, तर एका धनगराच्या कळपात आखूड कानाची पोरं. आबा म्हणले, ही आमची हायेत. त्यो भांडायला उठला, मेंढा मी रोख पैशानं घेतलाय म्हणं. आबा म्हणले, मेंढा तुजाच हाय बाबा, कान आमचे हायेत."

माझ्या हातात तागडी होती. सुंदररावांचे पावशेर खोबरे तोलावयाचे होते. मी तागडी खाली ठेवली.

"बाई, तक्ता काढा. तलवाड्यास एक इसम आहे. त्याचा चौकोन काढून ठेवा."

"नातं कोणतं?"

"चौकोन काढा. रेघेचे मागाहून पाहू."

असा तो तिसरा चौकोन वडिलांच्या खाली, कोणत्याही रेघेशिवाय कागदावर लोंबकळत आहे. ही शास्त्राची बाब आहे, नात्याची नव्हे. सबब तपासणी करून घ्यावी.

धोंडप्पा हलगे


नांदूरघाट
दि. १९ जानेवारी १९९७

विश्वेश्वर,

माझे मागील पत्र टपालाने परत आले. वर शेरा आहे, "घेण्यास नकार". म्हणून तेही या पाकिटात घातले आहे व दोन्ही महानंदाच्या हाती देत आहे. पत्रे न्यावयाची म्हटल्यावर ती म्हणाली, "तुमच्या दोघांच्या अकडीत माझ्या चपला झिजायल्यात अण्णा. एक जण लिहितो, एक जण वाचत न्हाई, अन् मधी मी एस्टीत उभी." तिला वाचता येत नाही. म्हणून ही पत्रे तुझा मुलगा श्रीशैल वाचील. श्रीशैल, तू मला ओळखत नाहीस. आधी मागचे पत्र वाच, मग हे वाच, आणि तुझे वडील उठून गेले तर मोठ्याने वाच.

पहिल्या पत्रात माझी प्रकृती उत्तम आहे असे मी लिहिले होते. ते खोटे होते. दुसऱ्या पत्रातील "आणखी एक" तो मीच. गेल्या चैत्रात सोलापुरास माझी शस्त्रक्रिया झाली. ती कोणती हे कागदावर लिहिण्याजोगे नाही. रोगाला जे खाद्य मिळते ते बंद करण्यासाठी करतात, एवढे पुरे. मी उशिरा गेलो, हाडापर्यंत पोचल्यावर. तेथील सर्जननी योगिताबाईंना माझे नाव दिले. वडिलांचे हाल उशाशी बसून पाहिलेला मी, मलाही वाटले की हे वय आहे. तू यात्रेत महानंदाला जे उत्तर दिलेस, तेच मी दोन वर्षे घरात देत होतो.

आता दुसरी गोष्ट. वडिलांच्या मातीच्या दिवशी तू तलवाड्याहून आलास. मी पहिली मूठ टाकली आणि तू दुसरी मूठ घेऊन पुढे झालास. मी दहा गावच्या लोकांसमोर म्हणालो, "दत्तक गेलेल्याने पाहुण्यांच्या रांगेत उभे राहावे." तू मूठ उघडलीस. माती तुझ्याच पायांवर पडली. आमच्या घरचे पाणीही न घेता तू गेलास. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो, असे पस्तीस वर्षे स्वतःला सांगत आलो. ट्रंकेतील तो कागद मी किती वेळा वाचला असेल याची गणती नाही. माणसाला स्वतःची खात्री असली की कागद एवढ्या वेळा वाचावा लागत नाही.

तिसरी गोष्ट आजवर कोणाला सांगितलेली नाही. तू पाच वर्षांचा होतास. तुझे नाव तेव्हा बसलिंग, आम्ही बसू म्हणत असू. यात्रेला नेतो असे सांगून तुला बैलगाडीत मी बसविले, कारण तू फक्त माझ्याबरोबर येत होतास. वडिलांनी तसे करावयास सांगितले होते, पण बोललो मी. मांजरसुंब्याला कपिलधारचा फाटा मागे पडला तेव्हा तू म्हणालास, "अण्णा, यात्रा मागं राहिली की." मी म्हणालो, "पुढं मोठी यात्रा हाय." तू हाताने फाटा दाखवीत राहिलास, दिसेनासा होईपर्यंत.

काल योगिताबाई पुन्हा आल्या होत्या. भावकी जमली होती, सुंदरराव होते, महानंदा होती. मी बाईंकडून पेन मागून घेतले. वडिलांच्या चौकोनापासून खाली तुझ्या चौकोनापर्यंत रेघ मी ओढली. पट्टी घेतली नाही, तरी सरळ आली. सुंदरराव म्हणाले, "अण्णा, दत्तकाचं काय?" मी सांगितले, "दत्तक कागदावर गेला. रक्त घेऊन गेला. मला एक भाऊ आहे, हे सगळ्यांनी ऐकावे." महानंदा पदर डोळ्यांना लावून बाहेर गेली. बाईंनी रेघेच्या टोकाला लिहिले: विश्वेश्वर, वय ६४, तपासणी बाकी.

ते "बाकी" मला पुसावयाचे आहे. तू माझ्यावर रागावून तपासणी नाकारलीस तर तो राग माझ्यापर्यंत पोचणार नाही, तुझ्याच कमरेत उतरेल. आणि मागून श्रीशैलच्या. श्रीशैल, हे वाक्य पुन्हा वाच. बाई म्हणतात, बाप व चुलता दोघांना असले तर मुलाने चाळिशीनंतर सावध राहावे. तुझ्या वडिलांचा चौकोन काळा की कोरा हे कळल्यावाचून तुझ्याविषयी काही सांगता येत नाही.

वेळेवर सापडले तर हा रोग ग्रंथीसकट काढून टाकता येतो. मला ती संधी होती, मी घालविली. तुला आहे.

महानंदा परत येईल त्या एस्टीच्या वेळेस मी स्टँडवर असेन.

अण्णा


नांदूरघाट
दि. ३० मार्च १९९७

चि. बसू यास अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पुण्यातील दवाखान्याच्या पत्त्यावर लिहीत आहे. अंथरुणावर पडून वाचावयास काहीतरी हवे.

तू बीडला रक्त दिलेस तेव्हापासून श्रीशैलचे सगळे फोन आमच्या समोरच्या एसटीडी बूथवर आले. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "मोठे काका, आकडा चारच्या आत पाहिजे, बाबांचा अकरा आला." मोठे काका हे शब्द मी प्रथमच ऐकले आणि आकडा त्यांच्यामागून ऐकला. दुसऱ्या फोनला ग्रंथीचा तुकडा काढून तपासल्याचे कळले, रोग आहे म्हणून. त्या दिवशी मी दुकानात गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ दिले. तिसरा फोन शस्त्रक्रियेनंतरचा. श्रीशैल रडत होता, म्हणून बूथवाल्या भारतला मी म्हणालो की तू ऐक व मला सांग. भारत ओरडला, "आजोबा, समदं निघालं म्हणतेत. गाठीच्या बाहेर कुटंच गेलेलं न्हाई."

मी त्याला ते पुन्हा विचारून घेण्यास सांगितले. त्याने विचारले. तेच उत्तर आले.

दुकानात जाऊन गूळ व शेंगदाण्यांची परात काढली आणि ओट्यावर ठेवली. येईल त्याला मूठ भरून दिली. सुंदरराव आले.

"काय अण्णा, आज काय हाय?"

"भाऊ बरा झाला."

"कोणता भाऊ?"

"मला एकच आहे."

सुंदररावांनी गूळ तोंडात टाकला. चघळता चघळता म्हणाले, "मग माज्याबी रक्ताचं त्या बाईला इचारा की. लई दिवस झाले." आता भावकीतील नऊ जणांनी आकडा तपासून घेतला आहे. आठांचे ठीक आहेत. नवव्याचा, म्हणजे खुद्द सुंदररावांचा, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावयाचा आहे. ते आता यात्रेतल्या तिकिटासारखी चिठ्ठी खिशात घालून सगळ्यांना दाखवीत फिरतात.

योगिताबाई परवा येऊन गेल्या. तुझा चौकोन काळा केला. तीन झाले. आमचे घराणे शोधात घेतले गेले, त्याला क्रमांक मिळाला. जनुक सापडण्यास किती वर्षे लागतील हे त्यांनाही ठाऊक नाही. मी असेन असे वाटत नाही. पण एवढे मोठे लोक ज्या रक्तात शोधणार, ते शिवलिंगप्पा वाण्याचे रक्त आहे. आणि त्यांना जे जमत नव्हते ते चौथी शिकलेल्या माणसाने एका रेघेत जुळवून दिले, हे बाईंनी स्वतः सुग्रीव तेल्यासमोर सांगितले. मी त्यांना तसे सांगावयास लावले नव्हते. या वेळी नाही.

काळा चौकोन पाहून मला वाईट वाटावयास हवे होते. पण बाकीच्या दोघांचे रोग शेवटी कळले, तुझा आधी कळला, हे त्या कागदावर लिहिलेले नाही. ते मी जाणतो.

लवकर चालू लाग. नर्स सांगतील तेवढे पाणी पी.

अण्णा


नांदूरघाट
दि. २४ एप्रिल १९९७

चि. बसू यास आशीर्वाद.

तुझे कार्ड पावले. या वेळी मजकूर दोन ओळींचा आहे व सुरुवात "ती. अण्णा" अशी आहे. अक्षर थोडे हलले आहे, पण शस्त्रक्रियेनंतर एवढे चालते. "मी वीस पावले चाललो" या वाक्यात काही चूक नाही. मी ते कार्ड तक्त्याच्या नकलेशेजारी, गल्ल्यामागच्या भिंतीवर लावले आहे.

माझी प्रकृती: कमर दुखते, सकाळी उठावयास वेळ लागतो. आता खोटे लिहीत नाही. सोलापूरचे डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडले आहे, आणखी काही हंगाम दुकानात बसता येईल. बसेन.

बसव जयंतीच्या दुसऱ्या दिवशी माझी नात शिवानी हिचे लग्न आहे. पत्रिका सोबत पाठवीत आहे. शेवटची ओळ पाहा. बीडच्या छापखान्यातील माणूस म्हणाला, निमंत्रकांत आडनावे दोन कशी, चूक तर नाही? मी म्हणालो, चूक होती, आता दुरुस्त होत आहे. तेथे छापले आहे: आपले नम्र, धोंडप्पा शिवलिंगप्पा हलगे, विश्वेश्वर मन्मथप्पा कोरे. मन्मथप्पा मी काढले नाही. त्यांनी तुला वाढविले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तलवाड्याला जीप येईल. गाद्या घातल्या आहेत, धक्के बसणार नाहीत. ड्रायव्हरला सांगून ठेवले आहे की मांजरसुंब्याला कपिलधारच्या फाट्यावर थांबावयाचे. तू दरवर्षी तेथे जातोस हे मला ठाऊक आहे. पण माझ्याबरोबर जावयाचे ते एकोणसाठ वर्षे राहिले आहे. मी फाट्यावर उभा असेन. दर्शन घेऊ आणि मग त्याच जीपने घरी येऊ.

सुंदररावांनी पंगतीची यादी केली. भावकी, सोयरे, केजचे व्यापारी, पालीहून योगिताबाई व त्यांचे वडील सटवाबा. तलवाड्याच्या पाहुण्यांत तुझे नाव त्यांनी पहिले घातले होते. मी ते खोडले.

पाहुण्यांच्या रांगेत तुझे पान मांडलेले नाही. तुला माझ्या शेजारी उभे राहून वाढावयाचे आहे.

अण्णा